भ्रमाचा भोपळा



वर्षावास संपला, अश्विन पौर्णिमा झाली आणि मुलांना दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी लागली की आपल्यासारख्या नोकरदार, कामगार माणसाच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो. पोरांना न्यायचे कुठे? बागेत न्यावे तर गर्दी, मॉलमध्ये न्यावे तर खिसा रिकामा. या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न एका भोपळ्याने सोडवला. ती हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. सांगण्याचे कारण फक्त सहल नाही. त्या भोपळ्याच्या वेलापाशी माझ्या आईच्या आयुष्यातली एक जुनी गाठ सुटली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तशा गाठी असतील, म्हणून लिहितो आहे.

आमच्या धाकट्या छकुलीचे वय वर्षे पाच. तिच्या शाळेत ‘नारंगी दिवस’ होता. प्रत्येक मुलाने नारंगी रंगाची एकेक वस्तू आणायची. कुणाला गाजर, कुणाला संत्रे, हिच्या वाट्याला भोपळा आला. मी आदल्या संध्याकाळी कचेरीतून येताना मंडईतून पाव किलोची फोड घेतली आणि पिशवीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी पोरगी फुरंगटून घरी आली.

“बाबा, चित्रातला भोपळा गोल आहे. आपलाच तुटका का?”

काय सांगावे? मी म्हणालो, “अगं, आपल्याला लागतो तेवढाच आपण आणतो.”

“मग गोल भोपळा कुठे असतो?”

“वेलावर.”

“वेल कुठे असतो?”

आमची देहूरोडची दोन खोल्यांची जागा. खिडकीत तुळशीच्या आकाराचा एक पुदिना, एवढीच आमची शेती. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, ती हसायला लागली. ती रोज रात्री नातीला भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगते. छकुली लगेच तिच्याकडे वळली. “आजी, ती म्हातारी फोडीत कशी बसली गं?”

हसण्यावारी गेले, पण माझ्या मनाला ते लागले. आमची आई मावळातल्या चिखलात वाढली. मी निदान सुट्टीत आजोळी जाऊन बांधावरून पडलो, खरचटलो. आणि माझ्या लेकीला भोपळा ठाऊक आहे तो फोडीचा! तीन पिढ्यांत एवढे अंतर पडले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, मानाने जगण्यासाठी आपण गाव सोडले ते योग्यच केले. पण गाव सोडताना मातीची ओळखही सोडावी असे काही कुणी सांगितले नव्हते.

याच सुमारास कचेरीतल्या एका साहेबांनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे ऑक्टोबर महिन्यात लोक लहान मुलांना घेऊन भोपळ्याच्या शेतात जातात. एकरच्या एकर जमिनीवर नुसते नारंगी भोपळे पडलेले. मुले त्यांत बागडतात, आवडेल तो भोपळा निवडतात, शेतकऱ्याला पैसे देऊन घरी नेतात. ३१ ऑक्टोबरला त्यांचा हॅलोविन नावाचा सण असतो. त्या दिवशी भोपळा आतून कोरून, त्याला नाक-डोळे पाडून आत दिवा ठेवतात. शेतकऱ्यालाही त्यातून चार पैसे मिळतात. छकुलीच्या पुस्तकातले चित्र त्याच भोपळ्याचे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

पाहायला गेले तर भोपळ्यावर अमेरिकेचा हक्क आहेच. हा लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. समुद्रापलीकडचे लोक पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जा-ये करू लागले, तेव्हा मिरची, बटाटा, मका यांच्याप्रमाणे हाही पाहुणा इकडे आला आणि इथलाच होऊन गेला. आपला दुध्या भोपळा त्याहून कितीतरी जुना. तोच वाळवून, पोखरून त्याची एकतारी होते. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायचे ते सुकडे भोपळेही त्याच जातीचे.

फोटो पाहून मी सहज म्हणालो, “आमच्या पोरीलाही असे शेत दाखवायला हवे.” शेजारच्या टेबलावरचे आमचे एक सहकारी नाणे मावळातले, शेतकरी घरातले. ते म्हणाले, “तेवढं मोठं शेत नाही हो आमच्याकडे. मावळात भात. भोपळा आपला बांधाला नाहीतर उकिरड्याला. पण वेल दाखवायचा तर या की रविवारी. आणि आईंनाही आणा.”

खरे आहे ते. मावळ म्हणजे भाताचा मुलूख. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडे पावसाळ्यात खाचरेच खाचरे. आज घरोघरी जो इंद्रायणी तांदूळ शिजतो तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. भोपळ्यासाठी इथे कुणी वेगळे वावर ठेवत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की घरची बाई परसात, शेणखताच्या ढिगाशेजारी चार बिया टोचते. वेल मग बांधावर चढतो, कुडावर चढतो, गोठ्याच्या छपरावर चढतो. साडेतीन-चार महिन्यांनी भात पिवळे पडू लागते तेव्हा पानाआडून भोपळे दिसू लागतात.

रविवारी पहाटेची लोकल धरली. मी, सौ., छकुली आणि आई. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण काटक. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे अशी एकेक स्टेशने मोजत कामशेतला उतरलो. लोणावळ्याला निघालेली तरुण मंडळी डब्यात गाणी म्हणत होती. मनात आले, लोणावळा म्हटले की आपल्याला भुशी धरण आणि चिक्की आठवते. पण त्या आधीच्या चार स्टेशनांवर उतरून कुणी भात पाहायला जात नाही.

स्टेशनाबाहेरून टमटमने गावाजवळ गेलो, पुढे अर्धा मैल पायी. खाचरांतले भात ओंब्यांनी वाकले होते. गवतावरचे दव पोरीच्या पायांना लागत होते. ती दर दहा पावलांनी विचारी, “हा का भोपळा?” शेवटी सहकाऱ्यांच्या घरामागे गेलो आणि ती बोलायचीच थांबली. बांधावर पसरलेली केवढाली पाने, त्यांत पिवळी धमक फुले आणि मधेच एक भोपळा, पोरीच्या पोटाएवढा. तिने दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. आई मात्र बांधाच्या अलीकडेच उभी राहिली. हात पदराखाली. मला वाटले, दमली असेल.

आता मुख्य प्रसंग. छकुली पानाखाली वाकून पाहत होती. तिला लिंबाएवढे एक कोवळे फळ दिसले, टोकाला फूल. ती आनंदाने ओरडली, “आजी, हे बघ बाळ!” आणि तिने बोट केले. त्या सरशी आई एका उडीत बांध ओलांडून आली आणि तिने पोरीच्या हातावर सट्‌दिशी चापट मारली.

“बोट दावू नको! सडंल ते!”

पोरगी रडायला लागली. आम्ही सगळे थिजलो. माझ्या आईने या नातीला आजवर बोटही लावलेले नाही. सहकाऱ्यांच्या वृद्ध मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी मात्र मान डोलावली. “खरं हाय बाई. कवळ्या डांगराला बोट दावलं की जळून जातं. दावायचंच तर बोट मुडपून दावावं.” दोन्ही म्हाताऱ्यांचे या बाबतीत एकमत होते.

ही समजूत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. कोवळ्या भोपळ्याला, काकडीला, दोडक्याला बोट दाखवू नये. विटाळशी बाईने वेलाजवळ जाऊ नये, तिची सावली पडली तर वेल करपतो. आमच्या वस्तीतही अशा गोष्टी मानणाऱ्या बायाबापड्या आहेत. पण माझी आई तर दर रविवारी विहारात जाणारी, गंडेदोरे न मानणारी. ती एवढी का बिथरली?

चहा झाला. पोरगी आजीच्या मांडीवर जाऊन बसली. तेव्हा आईने हळूहळू सांगितले. मी तिचा मुलगा, पण मीही हे प्रथमच ऐकत होतो.

आई सात-आठ वर्षांची असेल. पवन मावळातल्या तिच्या गावी तिची आई, म्हणजे माझी आजी, एका मालकाच्या भाताच्या खुरपणीला जाई. एके दिवशी ही पोर सोबत गेली. मालकाच्या परसातल्या वेलाला सात-आठ कोवळी डांगरे लागली होती. हिने ती बोटाने मोजली. नुकतीच शाळेत जाऊ लागली होती, आकडे येत होते, त्याचाच आनंद. घरातल्या बाईने ते पाहिले. पुढे आठवड्याभरात त्यांतली निम्मी फळे पिवळी पडून गळाली. मग काय विचारता? पोरीने बोट दाखवले हा एक गुन्हा, आणि आमच्या घरची सावली परसात पडली हा दुसरा. आजीला सर्वांदेखत बोलणी खावी लागली. त्या वर्षी भाताच्या कापणीला तिला बोलावले नाही. हंगामाचे धान्य गेले.

“घरी आल्यावर आयनं माझं ह्येच बोट दगडावर धरलं आन्‌ लाटण्यानं मारलं,” आई म्हणाली. “म्हनली, तुझ्या बोटापायी आपल्या तोंडचा घास ग्येला.”

तिने उजव्या हाताचे बोट पुढे केले. ते बोट जरा वाकडे आहे. लहानपणापासून मी ते पाहतो आहे. जात्यात सापडले असेल असे मला वाटत होते.

“बाबासाहेबांनी समदं सांगितलं, म्या समदं सोडलं,” आई म्हणाली. “देव सोडलं, उपास सोडलं. पन ह्ये न्हाई सुटलं. डांगरं गळालेली म्या डोळ्यानं बघितली व्हती ना.”

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी निरुत्तर झालो. अंधश्रद्धा वाईट, असे व्यासपीठावरून बोलणे सोपे आहे. मी स्वतः अनेकदा बोललो आहे. पण ज्याने आपल्या डोळ्यांनी फळ गळताना पाहिले आणि त्यापायी मार खाल्ला, त्याला नुसते ‘हे खोटे आहे’ म्हणून भागत नाही. फळ गळाले हे तर खरेच होते ना? मग ते का गळाले, हे त्याला दाखवावे लागते.

ते काम सहकाऱ्यांच्या सूनबाईंनी केले. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली पोर. ती उठली आणि आम्हा सगळ्यांना, दोन्ही म्हाताऱ्यांसकट, वेलापाशी घेऊन गेली.

तिने दाखवले ते असे. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. नराचे फूल लांब, बारीक देठावर असते, त्याच्या मुळाशी फळ नसते. मादीच्या फुलाच्या मुळाशी आधीपासूनच सुपारीएवढे फळ असते. आपण ज्याला कोवळे डांगर म्हणतो ते हेच. पण ते अजून धरलेले नसते. नर फुलातला पिवळा पराग मादी फुलात पोचला तरच ते धरते, नाही तर चार-सहा दिवसांत पिवळे पडून गळून जाते. आणि हा पराग वाऱ्याने उडत नाही. जड, चिकट असतो. तो मधमाश्यांच्या अंगाला लागूनच जावा लागतो. फूल पहाटे उमलते आणि उन्हे चढली की मिटते. तेवढ्या चार-पाच तासांत माशी आली तर आली. पाऊस लागला, आभाळ भरलेले राहिले, कुणी औषध फवारले, की माश्या फिरत नाहीत आणि फळे गळतात. शिवाय फळमाशी नावाची एक वैरीण आहे. ती कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते, अळ्या पडतात आणि फळ आतून सडते. कधी वेलाला सगळी फळे पोसण्याची ताकद नसते, तेव्हा तो आपणच काही टाकून देतो.

“म्हणजे बोट दाखवो की न दाखवो, काही फळं गळणारच,” सूनबाई म्हणाली. “ज्यानं बोट दाखवलं तो लक्षात राहतो. माशी आली नाही ते कोण लक्षात ठेवतं?”

नंतर तिने एक खेळ मांडला. त्या सकाळीच उमललेले एक मादी फूल तिने निवडले. नराचे फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, आतला परागाचा दांडा मादी फुलात हळूच फिरवला. देठाला लाल चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी उमलणारी एक मादी कळी शोधून तिच्यावर मलमलीच्या फडक्याची पिशवी सैलसर बांधली, की माशीला आत शिरता येऊ नये. मग छकुलीला म्हणाली, “आता लाल चिंधीवाल्या बाळाला पाहिजे तेवढं बोट दाखव. पिशवीवाल्याला अजिबात नाही.”

छकुलीने दहाही बोटे दाखवली. सूनबाई आईकडे वळली. “आजी, तुम्ही पण.”

आई मागे सरली. “नगं बाई. लोकाचं नुकसान.”

ओट्यावरच्या म्हातारबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “लोकाचं कुटलं? येल माझा हाय. ग्येलं तर येक डांगर जाईल. दाव.”

आईने बोट पुढे केले. तेच वाकडे बोट. फळापासून वीतभर अंतरावर तिने ते क्षणभर धरले आणि मागे घेतले. कुणी काही बोलले नाही.

निघताना सहकाऱ्यांनी एक भोपळा देऊ केला. आई म्हणाली, “फुकट न्हाई न्यायचा. तागडीत घाला.” ते ओशाळले, नको नको म्हणाले, पण आईने ऐकले नाही. भोपळा साडेचार किलो भरला. मंडईत घाऊक जो भाव मिळतो त्या भावाने पैसे चुकते केले. म्हातारबाईंनी तो भोपळा स्वतः उचलून आईच्या हातात दिला. पैसेही तिच्या हातून घेतले. एकेकाळी आपल्या आयाबायांना वरून पदरात टाकलेले घ्यावे लागे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना या हातातून त्या हातात जाण्याची किंमत कळेल.

वेळ होता, म्हणून परत न फिरता एक स्टेशन पुढे मळवलीला गेलो. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात पोचलो आणि सावकाश लेण्यांच्या पायऱ्या चढलो. भोपळा पायथ्याच्या चहावाल्याकडे ठेवला. बावीस लेण्यांचा हा समूह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. मोठ्या चैत्यगृहाच्या पुढे एका ठिकाणी लहानमोठे चौदा स्तूप दाटीने उभे आहेत. छकुलीने ते पाहिले आणि टाळ्या पिटल्या, “आजी, दगडाचे भोपळे!” सकाळपासून पहिल्यांदा आई खळखळून हसली. मग तिनेच नातीला हात जोडायला शिकवले आणि हे कोण, कशासाठी, ते तिच्या भाषेत सांगितले. याच भाज्याला एका हालिकाच्या, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मातीत राबणारी एक बाई दान देत होती आणि तिचा हात कुणाला विटाळ वाटत नव्हता. हे मी आईला सांगितले. ती “हं” म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

नवव्या दिवशी सूनबाईंचा फोन आला, पाठोपाठ मोबाईलवर फोटो. लाल चिंधीवाले फळ मोसंबीएवढे झाले होते, हिरवेगार, तुकतुकीत. पिशवीतले फळ, ज्याला कुणीही बोट दाखवले नव्हते, ते सहाव्या दिवशी पिवळे पडून गळाले होते. एका फळावरून नियम ठरत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून सूनबाईंनी गावच्या शाळेतल्या मुलींना घेऊन पुन्हा दहा फुलांवर हाच प्रयोग करायचे ठरवले आहे. आपणही करून पाहावा. बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते, की परंपरेने चालत आले म्हणून किंवा कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

आई तो फोटो बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, “म्हंजी आयनं मला उगाच मारलं.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “तिला तरी कुटं ठावं व्हतं.”

मी हिशेबाचा माणूस. मनाशी हिशेब मांडला. एक माशी आली नाही, त्याचा दोष आठ वर्षांच्या पोरीच्या बोटावर गेला. एका घरचे हंगामाचे धान्य गेले. एका आईने लेकीला मारले आणि पासष्ट-सहासष्ट वर्षे एका बाईने स्वतःला अपराधी मानले. खोटे कारण कधी बिनभाड्याचे राहत नाही. त्याला बसायला जागा लागते आणि ते नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. म्हणून कारण नीट शोधणे हे फक्त पंडितांचे काम नाही. ते आपले, गरिबांचे काम आहे.

आता आपल्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. भोपळ्याचा वेल मुलांना दाखवायचा तर दसऱ्यापासून कार्तिकापर्यंतचा काळ चांगला. तेव्हा फूल, कोवळे फळ आणि पिकलेला भोपळा तिन्ही एकाच वेलावर पाहायला मिळतात. सकाळी नऊच्या आत पोचावे, नाही तर फुले मिटतात. ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून जावे, न विचारता कुणाच्या वावरात शिरू नये. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण केले, त्यामुळे पैसे घेऊन शेत दाखवणारी केंद्रेही आहेत. पण आपल्या कचेरीत, कारखान्यात एखादा तरी शेतकरी घरचा सोबती असतोच. मुलांच्या पायांत बूट असावेत आणि हातात काठी असावी, कारण पानांखाली विंचू-काट्याची भीती असते. वेल ओढू किंवा उलटवू नये. तो पेरापेराला मुळे धरतो, ती तुटली की वाळतो. कोवळ्या फळाला बोट खुशाल दाखवावे, पण चिमटे काढू नयेत. साल नाजूक असते, नख लागले तर खरोखरच सडते. जुन्या माणसांनी पोरांना दूर ठेवायला ही धमकी काढली असेल, तर तेवढ्यापुरते त्यांचेही चुकले नाही.

पिकलेला भोपळा ओळखायचा तर देठ वाळून खुंटासारखा झालेला असतो, सालीत नख रुतत नाही आणि जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पडलेली असते. देठासकट काढलेला अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. एकदा चिरला की मात्र लवकर संपवावा. त्यात डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून वाढत्या मुलांना द्यावा. आमच्या साडेचार किलोतून एक दिवस भाजी झाली, एक दिवस दही घालून भरीत, आणि उरलेला किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून सौ.ने घाऱ्या केल्या. त्यांतल्या आठ-दहा घाऱ्या शेजारीपाजारी गेल्या. सालीची तीळ घालून चटणी झाली. काही फेकायला राहिले नाही.

बिया आईने धुऊन सावलीत वाळवल्या आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्या. पुडीवर छकुलीने वेडेवाकडे ‘भो’ काढले आहे. पहिल्या पावसात गॅलरीतल्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात त्या लावायच्या ठरल्या आहेत. आमच्या तिसऱ्या मजल्यावर माश्या येतील की नाही, कुणास ठाऊक. न आल्या तर नराचे फूल घेऊन काम आपणच करायचे, ही जबाबदारी आजीने स्वतःकडे घेतली आहे.

पुढच्या दिवाळीत काय झाले ते याच जागी कळवीन.

जय भीम.